लखमाची छाती

आमच्या रेंज ऑफिसात किस्से मुद्दाम कोणी जमवले नाहीत. पावसाळ्यात जंगलातले रस्ते बंद, तोड बंद, मग पालघरच्या त्या गळक्या ऑफिसात चौघं बसून करणार काय? एकाने सुरू केलं की दुसरा पुढचं सांगायचा. साठ-बासष्ट सालापासूनचे असे बरेच साठलेत. मी तेव्हा वनपाल होतो, म्हणजे साहेब आणि झाड यांच्यामधला माणूस. हसायचे आधी सांगतो. शेवटचा सांगायचा की नाही, ते बोलता बोलता बघू.

*

तोडीचा प्लॅन वर व्हायचा. नकाशावर जंगलाचे तुकडे पाडायचे, एकेका तुकड्याला कूप म्हणायचं, आणि कोणतं कूप कोणत्या साली तोडायचं ते लाल पेन्सिलीने लिहायचं. एकदा सफाळ्याच्या बाजूचं एक कूप आलं. कागद घेऊन जागेवर गेलो, तर निम्म्या कुपात तळं!

आमचा गार्ड राऊत केळव्याचा, जिभेला हाड नसलेला. तो प्लॅनवाल्या साहेबांना म्हणाला, "साहेब, ह्यात बेडूक किती तोडायचे ते लिवलेलं नाय."

साहेब हसले नाहीत. त्यांनी वहीत 'विरळ जंगल' असं लिहून घेतलं.

*

झाड तोडायच्या लायकीचं झालं की नाही हे घेरावरून ठरतं, आणि घेर मोजायचा माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. पण कोणाच्या छातीइतक्या? रेंजरसाहेब बुटके, मी ताडमाड, आणि राऊतची छाती कुठे संपते न् पोट कुठे सुरू होतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तिघांनी एकच साग मोजला, तीन आकडे आले. झाड खाली जाड असतं, वर बारीक, एवढी साधी गोष्ट. रेंजरसाहेब वैतागून म्हणाले, "एकच छाती ठरवा, आणि दरवर्षी तीच आणा."

ती ठरली लखमाची. माकुणसारच्या वरच्या अंगाला पाड्यावर राहायचा. पावसाळ्यात स्वतःचं भात, बाकी आमच्याकडे रोजंदारी. उंच, ताठ गडी. वाढ बघण्यासाठी राखलेल्या सागांचा एक तुकडा होता. तिथे लखमा झाडाला खेटून उभा राहायचा आणि राऊत त्याच्या छातीच्या उंचीला टेप गुंडाळायचा. दरवर्षी पहिल्या सागावर त्या उंचीला डांबराची एक रेघ ओढूनच राऊत कामाला लागायचा. शुभ असतं म्हणे.

*

मग इंच गेले आणि सेंटिमीटर आले. राऊतने नवी टेप सागाला गुंडाळली, आकडा बघितला आणि मटकन खालीच बसला. "भाऊ, मागच्या खेपेला अठ्ठेचाळीस होता. आता एकशे बावीस. काय खाल्लान काय ह्याने?"

लखमा इतका हसला की त्याला धरून परत झाडापाशी उभं करावं लागलं.

*

सफाळे स्टेशनात वॅगन भरताना एक ओंडका सुटला आणि लखमाच्या पाठीवर आला. जीव वाचला, पाठ गेली. उठला तो वाकूनच, आणि दरवर्षी आणखी थोडा वाकत गेला. ओझं संपलं, नांगर संपला. घरी बायको आणि म्हातारी आई. मला एवढंच म्हणाला, "भाऊ, छातीचा काम तेवढा माझ्याकडंच ठेवा. ता उभ्या उभ्या होतंय."

मी ठेवलं. दुसरं काय करणार होतो?

*

काही वर्षांनी वरून पत्र आलं. राखलेले साग अपेक्षेपेक्षा लवकर जाडावले आहेत, वनपालाचं काम उत्तम, सबब शेजारचं कोवळं कूप दहा वर्षं आधीच तोडीला घ्यावं. रेंजरसाहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला.

राऊतने मला बाजूला घेतलं. "भाऊ, झाडं नाय जाडावली. आपण खाली मोजतोय." लखमा तिथेच दाराशी बसून टेप गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही.

मला ते आधीच कळलं होतं. पहिल्या सागावरच्या त्या रेघा मला दिसत नव्हत्या थोड्याच! खरं सांगावं तर लखमाची चूल विझणार, गप्प बसावं तर अख्खं कोवळं जंगल आडवं होणार. मी गप्प बसलो. भित्रा म्हणा, दयाळू म्हणा, माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. फार वाईट गेले ते दिवस.

*

तोडीच्या आधी प्लॅनवाले साहेब स्वतः आले. राखलेल्या तुकड्यात शिरले आणि पहिल्याच सागापाशी थांबले. खोडावर डांबराच्या रेघा, एकीखाली एक.

"ह्या कसल्या?"

राऊत आपल्या बुटांकडे बघत राहिला. मी उगाचच टेप उलगडायला लागलो. तेवढ्यात लखमा सवयीने पुढे झाला आणि झाडाला खेटून उभा राहिला. छाती सगळ्यात खालच्या रेघेला लागली. मग हात उचलून त्याने वरच्या रेघेवर ठेवला.

"हा मी पयला. न् खाली हा मी आता. झाड काय येवढा वाढला नाय, साहेब."

साहेबांनी वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत बोट फिरवलं. मग त्यांनी नकाशा उघडला आणि कोवळ्या कुपावरचं साल खोडलं. निघताना मला म्हणाले, "छातीऐवजी मापाची एक काठी करून घ्या."

काठी तोडून आणली ती लखमानेच. चांगली सरळ बघून आणली.