आठ महिन्यांचे केस

“आबा, गोळी घेतली का?” चपला न काढता, दारातूनच तो विचारायचा. आबा म्हणजे त्याचे चुलत आजोबा, बीपीचे पेशंट. ते हो म्हणाले तरी याचं समाधान नाही. गोळ्यांचं पाकीट मागून घ्यायचा आणि रिकामी घरं मोजायचा.

आमच्या तेर गावात त्याची भावकी मोठी, आणि प्रत्येक म्हाताऱ्याच्या दारी याची रोज फेरी. कुणाला खोकला लागला की याचं तोंड उतरायचं. पुण्यात नाटकांतून कामं केलेलं पोर, तरी घरच्यांसाठी किती जीव टाकतं, असं गाव म्हणायचं. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही फसला असता. खरं कारण फक्त मला, त्याच्या न्हाव्याला, माहीत होतं.

तो स्वतःचा चित्रपट करत होता. दिग्दर्शक तोच, नायकही तोच. नायक मेंढपाळ, मानेवर रुळणारे केस आणि दाट दाढी. ती वाढवायला आठ महिने लागले होते. मित्राचा कॅमेरा रिकामा असेल तसं चित्रीकरण चालायचं, पण केस मात्र पहिल्या दिवसाइतकेच दिसायला हवेत. म्हणून दर आठवड्याला तो माझ्या खुर्चीत बसून मोबाइलमधला स्वतःच्याच डोक्याचा फोटो मला दाखवायचा. एकदा कानामागं बोटभर जास्त कापलं गेलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आमच्याकडे भावकीत कुणी गेलं की दहाव्याला पुरुषांनी डोकं, दाढी, मिशी उतरवायची. “काका, शेवटचा प्रसंग शूट होईस्तवर कुनी जाऊ नये बगा,” असं तो आरशातून माझ्याकडे पाहत म्हणायचा. मी हसायचो. पण पुढं पुढं मीसुद्धा आबांच्या दारावरून जाताना खोकल्याचा कानोसा घेऊ लागलो.

शेवटचा प्रसंग तेवढा राहिला आणि त्याचे वडील गेले. धडधाकट माणूस, शेतात बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. त्यांच्या तब्येतीची चौकशी त्यानं कधी केली नव्हती, तशी गरजच पडली नव्हती.

दहाव्याला तेरणा नदीच्या काठी मी पेटी उघडून बसलो. त्याच्या आईनं निरोप धाडला होता, केस राहू द्या, पोराचं काम अडलंय. भावकीत कुजबुज झाली. तेव्हा आबाच पुढं झाले. “त्याला सूट द्या. त्याच्या गोळ्यांवर म्या जगलोय,” म्हणाले. आबांचा शब्द मोडणारं तिथं कुणी नव्हतं. मला हायसं वाटलं. मी वस्तरा मिटला.

तो आबांच्या पायाशी बसला. “आबा, म्या तुमच्यासाठी न्हाय येत हुतो. ह्या केसांसाठी येत हुतो.”

“ठावं हाय मला,” आबा म्हणाले. “गोळ्या तर खऱ्या हुत्या की.”

तो उठून माझ्यासमोर आला आणि मान खाली घालून बसला. एक प्रसंग तर उरलाय, चार दिवस थांब, असं मी हळूच सांगून पाहिलं.

“काढा, काका.”

जे केस मी बोटाच्या मापानं जपले होते, ते दहा मिनिटांत उतरवले. मला रडू आलं. कशाला लपवू?

तेराव्यानंतर तो कॅमेरा परत द्यायला पुण्याला गेला. फोनवर बरा आहे म्हणतो. चित्रपटाचं विचारलं की दुसरंच काहीतरी बोलतो. त्याची आई कधी दुकानापुढं थांबते आणि तेवढे केस पुन्हा यायला किती दिवस लागतील, असं विचारते. वर्षभरात येतील की वहिनी, असं मी सांगतो. त्याला पुण्याला जाऊन दोन वर्षं झाली, हे तिलाही ठाऊक आहे.