मॅनेजरची पांढरी पँट

ज्या कामाला अंगात नुसता बनियन असला तरी भागतं, त्या कामासाठी नखशिखांत नटणारा माणूस अख्ख्या आखातात एकच होता, आणि तो नेमका आमच्या क्रिकेट टीमचा मॅनेजर होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बहारीनमधल्या आम्ही काही मराठी मंडळींनी ती टीम काढली. मॅनेजरने करायचं काय, तर शुक्रवारी सकाळी सगळ्यांना उठवायचं, पाण्याचा कूलर भरायचा आणि पिचवर अंथरायची काथ्याची मॅट मैदानावर पोचवायची. बँकेत अकाउंटंट असलेला हा पन्नाशीचा गृहस्थ यातलं एकही काम धड करत नसे. मॅट आम्ही वाहायचो आणि हा पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट आणि टोपी अशा थाटात घडीच्या खुर्चीवर टॉवेल अंथरून बसायचा. हूरा भागातल्या लाँड्रीवाल्याकडून तो पँटला अशी इस्त्री करून घ्यायचा की तिच्या धारेवर कलिंगड कापावं.

हे खूळ आलं एका अमेरिकन ओळखीच्याकडून. तो याला एकदा त्यांच्या लोकांचा बेसबॉल बघायला घेऊन गेला. तिथे पोट सुटलेला एक म्हातारा खेळाडूंच्याच कपड्यांत, पाठीवर नंबर लावून बसला होता. तो म्हणे मॅनेजर. फुटबॉलचा कोच कोट घालतो, मग याने हे सोंग का घ्यावं? अमेरिकनाने सांगितलं, पूर्वी मॅनेजर स्वतःच खेळायचा. पुढे खेळणं सुटलं, कपडे राहिले. शिवाय मैदानात पाय टाकायचा तर अंगावर टीमचे कपडे लागतात. एवढं ऐकून शहाण्या माणसाने चहा पिऊन घर गाठलं असतं. हा थेट शिंप्याकडे गेला.

"अहो, पण तुम्ही खेळणार आहात का?" मी कॅप्टन म्हणून विचारलं.

"प्रश्न तो नाही," तो म्हणाला. "उद्या आत जायची वेळ आली तर काय लुंगीवर जाऊ?"

एकदा आमच्या बोलरचं बोट मोडलं. बोलर सावंतवाडीचा, एका अरबाकडे ड्रायव्हर. मॅनेजर त्याला त्याच पांढऱ्या कपड्यांत सलमानिया हॉस्पिटलला घेऊन गेला. तिथे एका बहारीनी म्हातारीने याला डॉक्टर समजून गुडघ्याचं दुखणं सविस्तर सांगितलं. अरबीचं अक्षर कळत नसताना याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि गंभीरपणे 'इंशाल्ला' म्हटलं. "साहेबांक बघून माका वाटला, ऑपरेशन ह्येच करतले," बोलर नंतर सगळ्यांना सांगत सुटला.

मग रिफा गावच्या टीमशी फायनल आली. त्या सकाळी बोलरला त्याच्या अरबाने एअरपोर्टवर बोलावून घेतलं आणि आम्ही दहाच उरलो. सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

"यल्ला मॅनेजर, व्हा आत," मी म्हणालो.

त्याचा चेहरा पँटपेक्षा पांढरा पडला. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "मी कधी मॅच खेळलोच नाही रे. शाळेच्या टीममध्ये निवड झाली होती. सरांनी पांढरी पँट आणायला सांगितली. वडील म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी सरांनी विचारलंच नाही."

इतकी वर्षं मी याच पँटची टर उडवत आलो होतो. "आता आहे ना पँट? मग चला," एवढंच म्हटलं.

फिल्डिंगला त्याला जिथे चेंडू जाणार नाही अशा कोपऱ्यात उभा केला. चेंडू नेमके तिकडेच जात राहिले, आणि पँट मळू नये म्हणून हा प्रत्येकाला अदबीने वाट करून देई. आमची बॅटिंग आली तेव्हा मी त्याला मनसोक्त शिव्या देत खेळत होतो. ओव्हरच्या शेवटच्या चेंडूवर आमची नववी विकेट पडली. दोन धावा हव्या होत्या आणि समोरून उलटे पॅड बांधून मॅनेजर येत होता. "काही करू नका, मी पळा म्हटलं की पळा," मी बजावलं.

पुढचाच चेंडू मी कव्हरमधून मारला. एक धाव त्याने कशीबशी काढली. दुसरीला मी ओरडलो तेव्हा तो आधीच निघाला होता. फिल्डर अजून चेंडू शोधत होता, थ्रोचा पत्ता नव्हता, तरी या माणसाने बॅट पुढे करून मॅटशेजारच्या मातीत स्वतःला सपशेल झोकून दिलं. आम्ही जिंकलो. तो तिथेच पडून होता. मला वाटलं गेला. जवळ गेलो तर रडत होता.

पुढच्या शुक्रवारी तो तीच पँट घालून आला. इस्त्रीची धार तशीच, आणि गुडघ्यावरचा मातीचा डागही तसाच. लाँड्रीवाल्याला त्याने ताकीद दिली होती, "बाकी सब धोना, ये नहीं."

काही वर्षांनी तो बहारीन सोडून गेला. नंतरचे मॅनेजर कामसू निघाले. चौकड्यांच्या शर्टात यायचे, मॅट वेळेवर आणायचे, कूलर भरलेला असायचा. तरी नववी विकेट पडली की माझी नजर त्या खुर्चीच्या जागेकडे जायची, आणि तिथे पांढरं काही दिसायचं नाही.