कोपऱ्यातलं धान

आज सकाळी अंगण झाडताना पिकल्या धानाचा वास आला. गोडसर, उन्हात तापलेल्या गवतासारखा. दरवर्षी या वासाने मन भरून येतं. आज त्याच्या मागोमाग डिझेलचा वास आला आणि झाडू हातातच राहिला. कापणीची मशीन आमच्या बांधीकडे, धानाच्या शेताकडे वळली होती. दुपारी येणार असं काल ठरलं होतं, पण दुसऱ्याच्या शेतात ओल निघाली म्हणून ती आधी आमच्याकडे आली.

मला फक्त एक मूठ धान कापायचं होतं. मशीन लागायच्या आधी, विळ्याने.

ही मूठ मला शेजारच्या मावशीने शिकवली. ती आता नाही. लग्न होऊन आंबागडला आले तेव्हा कापणीच्या बायांच्या रांगेत मी सगळ्यात मागे असायची, मान खाली घालून. मावशी सगळ्यात पुढे. कापणीआधी ती बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर चपला काढायची, मातीला हात लावायची आणि पहिली मूठ कापून बाजूला ठेवायची. ते धान राशीत जात नसे. संध्याकाळी लोंब्या देठासकट विणून ती झालर करायची आणि दारावर टांगायची. "आधी चिमण्यायचं, मंग आपलं," म्हणायची. मला म्हणायची, "तोंडानं बोलता नाई येत तुले, त हातानं बोल. धानाले समजते." त्यावर एखादी ओरडायची, "अवो मावशी, नवऱ्यासंगही हातानंच बोलते का हे?" सगळी बांधी हसायची. माझे कान तापायचे, पण त्या हसण्यात मला जागा होती.

मावशी गेल्यावर ती मूठ मी कापू लागले. यंदा तर कापायचीच होती. तलावाचं पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचलं, कीड आली नाही, लोंब्या वाकून धुऱ्याला टेकल्या. एवढं मिळाल्यावर कुणाला तरी काही म्हणायला नको?

विळा घेऊन धावत गेले तर अर्धी बांधी मोकळी झाली होती. मशीन धान कापते, झोडते, तणस मागे टाकते. विणायला एक अख्खी लोंबी उरत नाही. मी हात वर केला. ड्रायव्हर वरूनच म्हणाला, "भाभी, किनारे हो जाओ." मी बाजूला झाले. थांबा, एवढंच म्हणायचं होतं.

धुऱ्यावर उभ्या नवऱ्याने माझ्या हातातला विळा पाहिला. "कोपऱ्यायचं रायते ना! तिथं मशीन वळत नाई. तेवढं काप."

खरंच, चारही कोपऱ्यांत थोडं थोडं धान उभं होतं. एकेकाळी सगळी बांधी आमच्या हातांची होती. आता मशीनला नको असलेलं तेवढं आमचं. रागाने कापत गेले. चपला काढायचीही आठवण राहिली नाही. पहिल्या कोपऱ्यात विळा बोटाला लागला, तेव्हा थांबले. चपला काढल्या, मातीला हात लावला. माती थंड होती, नेहमीसारखी. मशीनचा आवाज चालूच होता.

संध्याकाळी झालर विणता विणता नवऱ्याला म्हटलं, "पुढल्या साली मशीनच्या आधी मी जाईन."

"जाय ना," तो म्हणाला. "कोनं अडवलं व्हतं तुले?"

कुणीच नाही. माझा सगळा संताप तिथेच येऊन बसतो. अडवणारं कुणी असतं तर निदान त्याच्याशी भांडले असते.

झालर टांगून होत नाही तोच दोन चिमण्या आल्या. लोंबीला उलट्या लटकून दाणे टिपू लागल्या. हे पहिल्या मुठीचं की उरलेल्या कोपऱ्याचं, त्यांना काय त्याचं. दाणा तोच.

मला मात्र ठाऊक आहे.