दारावरचा कडुनिंब

सन अठ्ठ्याहत्तरच्या मद्रासमध्ये, टी. नगरच्या मागच्या गल्ल्यांत, आरोग्यसेविका सकवारबाईंची जीभ सुईपेक्षा जास्त टोचते असं बायका म्हणत. कामाक्षीला ते लवकरच कळलं.

तिच्या लेकीला गोवर आला होता. घरात देवी आली म्हणून दारावर कडुनिंबाचा डहाळा लागला. तो असेपर्यंत बाहेरच्याने उंबरा ओलांडायचा नाही, असा तिथला रिवाज. नवव्या दिवशी पुरळ मावळलं, पोरीला न्हाऊ घातलं, आणि कामाक्षी डहाळा काढायला स्टुलावर चढली. पाहुणे यायचे होते.

“हात लावशील तर बघ,” सकवारबाई पायरीवरूनच म्हणाल्या. “गोवर गेला, पण जाताना अंगातली ताकद घेऊन गेला. आता महिना-दोन महिने साधा खोकलासुद्धा हिच्या छातीत उतरेल. भुशाची शेगडी मागच्या अंगणात ने, हिच्या नाकात धूर जाता कामा नये. आणि डहाळा सुकला की नवा लाव.”

देवी की रोगजंतू, हा वाद त्या कधी घालत नसत. त्यांच्या शंभर सूचनांनी झालं नसतं ते एक डहाळा करत होता.

तीन आठवड्यांनी पोरीचं वजन करायला त्या आल्या, तेव्हा दारावर ताजा डहाळा होता. पायरी चढताना त्यांना शिंक आली. पाठोपाठ दुसरी. कामाक्षी दारात आडवी उभी राहिली.

“डहाळा दिसत नाही का, अक्का? सर्दी गेली की या.”

सकवारबाईंना दारातून परतवणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. कोपऱ्यापर्यंत त्या पदरात शिंकत, हसत गेल्या.