चाखून पाठवलेले मोदक

हेमचंद्रकाका दाबके रिटायर झाले, तेव्हा आमच्या एडिसन गावात सगळ्यात जास्त धास्ती घेतली ती त्यांच्या बायकोने. औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये हयात घालवलेला माणूस. घरी बसल्या बसल्या फोडणीतल्या मोहरीवरसुद्धा मत द्यायचा. रेखाकाकू भाड्याच्या किचनमध्ये उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी करायच्या. काका तिथेही शिरले.

"मोठं काही करायचं नाही, रेखा. सगळीकडे थोडं थोडं सुधारायचं."

आणि खोटं कशाला बोला, सुधारलं. फोनला त्याच दिवशी उत्तर जाऊ लागलं. मोदक एकमेकांना चिकटून फाटायचे, त्यांना कागदाच्या वाट्या आल्या. न्यायला येणाऱ्यांच्या वेळा ठरल्या, दाराशी गाड्यांची कोंडी होईना. सारणात गूळ जरासा कमी झाला, जायफळ जरासं वाढलं. गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांना काका आपणहून विचारू लागले, "यंदा किती?" ऑर्डरी दुपटीच्या वर गेल्या. ओक ट्री रोडवर भाजी घेताना कोणी कौतुक केलं की काका म्हणायचे, "सिस्टिम लागते हो." मोदक वळतं कोण, हे त्या सिस्टिममध्ये कुठे बसत नव्हतं.

त्या वर्षीची सुधारणा होती डब्यावरचं सोनेरी स्टिकर. काकूंचं डोकं उकडीत. त्यांनी ते पाहिलंच नाही.

चतुर्थीच्या सकाळी डबे घरोघर गेले आणि थोड्याच वेळात उल्कामावशींचा फोन आला. उल्कामावशी म्हणजे आमची आकाशवाणी. त्यांना कळलं की गावाला कळलं. स्तुती बायकोलाही ऐकू यावी म्हणून काकांनी फोन स्पीकरवर टाकला.

"हेमचंद्र, स्टिकर छान आहे हो. 'प्रत्येक घाणा चाखून पाठवला आहे.' चाखला कोणी?"

"मीच. प्रत्येक घाण्यातला एक, नेमाने."

"आजही?"

"आज तर जास्तच काळजीने."

"वा. म्हणजे आधी तुम्ही, मग बाप्पा. आता तुमचीच आरती करू का?"

काका हसायला गेले आणि हसू अर्ध्यावर अडकलं. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखत नाहीत, हे त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच? लहानपणापासून माहीत होतं. पण किचनमध्ये उभं राहिलं की त्यांना मोदक दिसायचेच नाहीत, माल दिसायचा.

काकूंनी हात धुतले. "तुम्ही फाटलेले खाताय असं मला वाटत होतं."

"डब्यातल्याला तोंड नाही लावलं गं. टेक्निकली..."

काकांचे कान तापले. लोकांनी विश्वास टाकला होता तो ह्या बाईच्या हातावर, स्टिकरवर नव्हे. आणि त्या हाताचं नाव त्यांनी सोनेरी अक्षरांत घालवलं होतं.

"प्रत्येक घरी नैवेद्यापुरते पाच ताजे देऊ," काकू म्हणाल्या. "आधीचे पंगतीला होतील. नेऊन तुम्ही द्यायचे. आणि काय झालं ते तुम्हीच सांगायचं."

दुपारपर्यंत काका दारोदार फिरले. "मी चाखले होते, रेखाला ठाऊक नव्हतं," हे वाक्य प्रत्येक दारात नव्याने जड जायचं. कोणी हसलं, कोणी नुसताच डबा घेतला. उल्कामावशींनी तर थांबवूनच घेतलं. आरती झाल्यावर काकांच्या हातावर मोदक ठेवून म्हणाल्या, "घ्या. आता तुमचा नंबर." घरभर हशा पिकला. काकांनी तो मान खाली घालून खाल्ला.

ऑर्डरी पुढल्या वर्षीही आल्या, पण एका अटीवर. चतुर्थीच्या सकाळी काकांनी किचनच्या बाहेर बसायचं. ते बसतात, पार्किंगमध्ये, गाडीच्या उघड्या डिकीपाशी, वाट्या डब्यांत लावत. कोणी सिस्टिमची चौकशी केलीच, तर मान वर न करता म्हणतात, "आत आहे. मोदक वळतेय."