गोड्या पाण्यातली पाच मिनिटं

खाऱ्या पाण्याचा फिशटँक आमच्या घरी आला तो एका दातांच्या डॉक्टरांमुळे. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कवळी करायला आम्ही साताऱ्यात त्यांच्याकडे महिनाभर जात होतो. बाहेरच्या खोलीत त्यांचा तो टँक होता. आत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन समुद्री मासे. आबांची सगळी नोकरी सैन्याच्या तोफखान्यात झाली, त्यामुळे कान जवळजवळ निकामी झालेले. चार माणसं बोलत बसली की ते अवघडून जातात. त्या काचेपुढे मात्र नंबर पुकारला तरी उठायचे नाहीत. पुढं डॉक्टर कायमचे पुण्याला निघाले, तेव्हा त्यांनीच विचारलं, "नेता का?" आबांनी नेमकं तेवढं ऐकलं.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. त्यामुळे पाण्यातला खारेपणा मोजायचा, अमोनिया तपासायचा, ही कामं माझ्याकडे आली. खाऊ घालणं आणि काच पुसणं आबांकडे. सगळं नीट चाललं होतं. मग आबांनी पुण्याहून एक पिवळा मासा आणला. त्याच वेळी बहिणीच्या बाळंतपणासाठी मला मेढ्याला जावं लागलं. जाताना मी बजावून गेले की नवा मासा किमान महिनाभर वेगळ्या टबात ठेवायचा, डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. तीन आठवड्यांनी परत आले तर पिवळा टँकमध्ये फिरत होता.

"टबात ठेवला होता ना?" मी विचारलं.

"ठेवला हुता की," आबा म्हणाले. "कालच सोडला."

आठवडाही गेला नसेल, नारिंगी जोडीतल्या मोठ्यानं खाणं सोडलं. पंपाच्या धारेजवळ तोंड करून एकाच जागी थांबायचा आणि भराभरा कल्ले हलवायचा. मधेच दगडाला अंग घासायचा. एका डोळ्यावर दुधाच्या सायीसारखा पातळ पापुद्रा आला होता. मी पाणी दोनदा तपासलं. कशातच खोट नव्हती. आमच्या लॅबमध्येही असे रिपोर्ट निघतात, सगळे आकडे बरोबर आणि पेशंट समोर आजारी.

दुसऱ्या दिवशी आबा बाजारातून निळ्या औषधाची बाटली घेऊन आले. "पांढऱ्या ठिपक्यांवर लय चांगलं हाय म्हनला दुकानदार."

"पण आबा, ठिपके कुठं आहेत?"

ते काचेजवळ जाऊन बराच वेळ बघत राहिले आणि बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. त्यांचा चेहरा उतरला होता. मी दंतवैद्यांना फोन केला. त्यांनी सांगलीच्या एका मॅडमचा नंबर दिला. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, डॉक्टर खाऱ्या पाण्याच्या टँकचं सगळं त्यांच्याकडूनच शिकले होते.

मॅडमनी पहिला प्रश्न केला, "औषध काही टाकलंत?"

"नाही."

"छान. मग बघता येईल. अंगावर मिठाच्या कणांसारखं काही दिसतं? किंवा पिठी भुरभुरल्यासारखं?"

"दोन्ही नाही."

"नवा मासा आणलाय का?"

मी पिवळ्याचं सांगितलं, तीन आठवडे वेगळा होता हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मला प्रत्यक्ष बघावं लागेल. गुडघ्यामुळे मी येऊ शकत नाही. तुम्ही घेऊन या."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. थर्माकोलच्या खोक्यात टँकचंच पाणी, त्यात मासा, वर बॅटरीचा छोटा हवेचा पंप. गाडी मी चालवत होते, खोकं आबांच्या मांडीवर. कराडला चहालाही ते थांबू देईनात. दर थोड्या वेळानं झाकण किलकिलं करून बघायचे आणि म्हणायचे, "हाय अजून."

मॅडमचं घर सांगलीत, कृष्णेपासून दोन गल्ल्या आत. पुराचं पाणी एकदा घरात शिरल्यापासून त्यांचे सगळे टँक वरच्या मजल्यावर. त्यांनी टॉर्च लावून मासा दोन्ही बाजूंनी न्याहाळला. मग माझ्याकडे न बघता आबांच्या कानाशी येऊन मोठ्यानं विचारलं, "आबा, पिवळा टबात नेमका किती दिवस होता?"

आबांनी झाकणाची कड बोटानं पुसली. "एक रात."

"एकच रात्र?" मी म्हणाले.

"कोपऱ्यात नुस्ता थरथरत हुता. मला बघवंना. सकाळी सोडला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू रागावशील म्हनून बोललो न्हाई."

राग आला होताच. पण मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. आता काय शोधायचं ते कळलं." माशाच्या कातडीला आणि डोळ्याला चिकटणारे चपटे किडे असतात, काचेसारखे पारदर्शक, म्हणून अंगावर असून दिसत नाहीत. बहुतेक वेळा नव्या माशाबरोबर येतात. गोड्या पाण्यात ते पांढरे पडतात आणि गळतात. "तपासणी तीच आणि उपचारही तोच," त्या म्हणाल्या.

"समुद्राचा मासा गोड्या पान्यात?" आबा म्हणाले. "मरंल की वो."

"पाच मिनिटं तो सोसतो. किड्याला सोसत नाही."

त्यांनी रात्रभर हवा दिलेलं गोडं पाणी गडद निळ्या टबात ओतलं, टँकइतकंच कोमट केलं, चिमूटभर खायचा सोडा घातला आणि पट्टी बुडवून आम्लता तपासली. मासा आबांनीच सोडला. तो आधी गरकन फिरला आणि मग आडवा पडला. आबांचा हात लगेच पाण्यात गेला.

"थांबा," मॅडमनी त्यांचं मनगट धरलं. "कल्ले बघा. चालू आहेत ना?"

"व्हय," आबा म्हणाले. पण हात टबाच्या काठावरच राहिला.

दोन मिनिटं काहीच झालं नाही. मला वाटायला लागलं की आपण इतक्या लांबून मासा मारायलाच आणला. तिसऱ्या मिनिटाला त्याच्या डोळ्यावरून तिळाएवढी पांढरी चकती सुटली आणि तरंगत तळाशी गेली. मग पोटाखालून एक. मग शेपटीजवळून एकदम तीन-चार. आबा मोठ्यानं मोजायला लागले. तेवीस झाले तेव्हा मॅडमनी मासा उचलून परत खाऱ्या पाण्यात सोडला. तो क्षणभर तसाच राहिला, मग सरळ झाला आणि खोक्याच्या कोपऱ्यात जाऊन पंख हलवायला लागला. आबा खाली फरशीवरच बसले आणि त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं.

मॅडमकडे सूक्ष्मदर्शक होता. एक चकती मी काचपट्टीवर घेतली. पुढच्या बाजूला दोन लहान गोल, मागं एक मोठा, त्यात गळासारखे बारीक आकडे. इतके दिवस समोर होतं ते पहिल्यांदा दिसत होतं. मी आबांनाही दाखवलं. "असं असतंय व्हय," ते म्हणाले आणि माझा राग कधी ओसरला ते मला कळलं नाही.

बाकीच्या दोन माशांसाठी मॅडमनी टँकमध्ये टाकायचं औषध मोजून दिलं. कुत्र्यांना जंतांवर देतात तेच. अंडी नंतर फुटतात म्हणून आठवड्यानं पुन्हा टाकायचं. मग आम्हाला त्यांनी भाकरी आणि वांग्याचं भरीत जेवायला घातलं. येताना काहीच न खाल्लेले आबा तीन भाकरी जेवले.

आबा कधी फोन करत नाहीत, समोरचं ऐकूच येत नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी दुपारी लॅबमध्ये त्यांचा फोन आला. मी "काय झालं?" असं दोनदा विचारलं, पण ते आपलंच बोलत होते. "खाल्लं त्यानं. चार दानं. पिवळा मधी आला तर त्याला हाकललं बी. एवढंच सांगायचं हुतं. ठिवतो."

फोन बंद झाल्यावर मी खुर्चीत मागे टेकले. दारात उभ्या असलेल्या पेशंटला सांगितलं, "या, बसा," आणि रक्त घ्यायला नेहमीपेक्षा जरा सावकाशच त्याच्या दंडाला पट्टा बांधला.