एक मॅच हरलात, की पेटी बंद

कापसाच्या हंगामात आमच्याकडे घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. आधी पुढची खोली भरते, मग मधली, शेवटी माणसं ओट्यावर झोपतात. आमच्या फुटबॉलच्या एका सीझनचे किस्से माझ्या डोक्यात असेच साठलेत. थोडे बाहेर काढतो, म्हणजे मला हलायला जागा होईल.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका कॉलेजात क्रीडा संचालक. आयुष्यभर कबड्डी खेळलो आणि शिकवली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने कॉलेजला भली मोठी पेटी पाठवली. आत हेल्मेटं, खांद्यावरची पॅडं आणि दोन्ही टोकांना निमुळते चेंडू. अमेरिकन फुटबॉल!

प्राचार्य म्हणाले, "यात कबड्डीचं मैदान जाणार आणि तुमचा वेळही. एक सीझन देतो. एक मॅच हरलात, की पेटी बंद."

खरं तर मीच ती पेटी स्टोअररूममध्ये ढकलली असती. पण मला कोणी 'होणार नाही' म्हटलं की ते करूनच दाखवावं लागतं. बायको याला गुण म्हणत नाही.

*

पहिल्या दिवशी कबड्डीचीच पोरं उभी केली. कॅप्टन गोपाळ, धरणगावकडच्या खेड्यातला, अंगाने दारासारखा. चेंडू हातात फिरवत म्हणाला, "सर, हाऊ फुटबॉल शे, मंग हातमा कसाले धरतस?"

मी रात्रभर मोबाइलवर व्हिडिओ बघून नियम पाठ केले होते. त्यात याचं उत्तर नव्हतं.

"पळ," म्हटलं. पुढे सीझनभर कोणत्याही अवघड प्रश्नाला मी हेच उत्तर दिलं आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघालं.

*

पहिली मॅच जळगावला. गोपाळला चेंडू मिळाला. गडी सुसाट सुटला, एकाला धडक दिली, दुसऱ्याला, तिसऱ्याला. समोर मैदान मोकळं होतं. आणि हा गर्रकन वळला आणि जिथून निघाला होता तिथे परत धावत आला!

मी डोक्याला हात लावला. तो धापा टाकत माझ्याकडे बघून हसला. "तीन जणले शिवीसन उनू, सर. तीन पॉइंट भेटतीन ना?"

दहा वर्षं कबड्डीत चढाई केलेला माणूस. गडी शिवायचे आणि आपल्या घरी परतायचं, हे त्याच्या पायांना पाठ झालेलं. हाफटाइमला मी त्याचा जेवणाचा डबा उचलला आणि मैदानाच्या पार त्या टोकाला, समोरच्यांच्या रेषेमागे नेऊन ठेवला. "आजपासून तुझं घर तिकडे."

दुसऱ्या हाफमध्ये तो तीन वेळा घरी गेला. आम्ही जिंकलो.

*

दुसरी मॅच लांबच्या शहरातल्या एका मोठ्या टीमशी. त्यांच्याकडे हातांच्या खुणा, मनगटावर कागदाच्या चिठ्ठ्या, सगळं होतं. आमचा गोपाळ मात्र भर मैदानात आमच्या अहिराणीत ओरडून सांगायचा, "बठ्ठा जण डावा आंगे चला!" डावीकडे की उजवीकडे, समोरच्यांना अवाक्षर कळत नव्हतं आणि आम्ही पुढे सरकत होतो.

हाफटाइमला त्यांच्या कोचना समजलं की त्यांच्या बसचा ड्रायव्हर आमच्याच भागातल्या नरडाण्याचा आहे. त्याला रेषेजवळ आणून उभं केलं आणि म्हणाले, "हे काय बोलतात ते सांगा."

ड्रायव्हरने दोन डाव शांतपणे ऐकले. मग म्हणाला, "साहेब, मी गाडी चालावस, चुगल्या नही करत." आणि चहा घ्यायला निघून गेला.

*

तिसऱ्या मॅचला गोपाळची आई, अक्का, आली. पोराचा खेळ पहिल्यांदाच बघत होती. गोपाळने चेंडू घेतला आणि समोरचे सगळे त्याच्यावर पडले. अक्का पदर खोचून थेट मैदानात. पंचांना म्हणाली, "एकटावर इतला जण? भाऊ, त्यास्ले सांगा, एक एक करीसन या."

पंचांनी शिट्टी वाजवली, मॅच थांबवली आणि अक्कांना हात जोडले. ढिगाखालून गोपाळचा आवाज आला, "माय, घर जाय ना."

तीही मॅच जिंकलो. प्राचार्य आता रोज सरावाला येऊन उभे राहायचे. पेटीचा विषय मात्र काढायचे नाहीत.

*

फायनल धुळ्याला. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात तर चेंडू तुमच्याकडेच राहतो, नाही तर समोरच्यांना मिळतो. अंतर मोजायला दोन काठ्यांमध्ये साखळी असते. ती धरायला आम्ही गोपाळच्या वडिलांना नेलं होतं. नाना जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. बांधाच्या भांडणात मोजणीला नाना आले म्हटलं की दोन्हीकडचे भाऊबंद गप्प बसायचे.

शेवटची दोन मिनिटं. आम्ही दोन पॉइंटांनी पुढे. चेंडू समोरच्यांकडे, त्यांचा चौथा प्रयत्न. ढीग पडला, ढीग उठला, दहा यार्ड भरले की नाही कोणालाच कळेना. पंचांनी साखळी मागवली. अंतर कमी भरलं तर चेंडू आमचा, मॅच आमची.

त्यांचे कोच धावत आले. "कॅप्टनचा बाप मोजणार? हे चालणार नाही."

पंच काही बोलायच्या आत नाना गुडघ्यावर बसलेसुद्धा. साखळी ताणली, एक डोळा मिटला.

"दोन बोटं पुढे शे."

म्हणजे चेंडू त्यांच्याकडेच. त्यांना आणखी चार प्रयत्न. गोपाळने वडिलांकडे बघितलंही नाही. हेल्मेटचा पट्टा आवळला आणि पोरांना म्हणाला, "उभा रहा रे."

एक प्रयत्न अडवला. दुसरा. तिसऱ्यात ते बरेच पुढे आले. चौथ्याला पुन्हा ढीग, पुन्हा साखळी.

या वेळी ओरडले ते आमचे प्राचार्य. "साखळी दुसऱ्या कोणाकडे तरी द्या!"

"नाही," त्यांचे कोच म्हणाले. "त्यांनीच मोजायचं."

नाना पुन्हा गुडघ्यावर बसले. साखळी ताणली. नानांनी हाताने माती सारखी केली आणि पुन्हा बघितलं.

"एक बोट कमी शे."

त्यांचे कोच वाकून बघायलाही आले नाहीत. आपल्या पोरांकडे वळले आणि म्हणाले, "हेल्मेटं काढा."